स्टॉपरला खेळणाऱ्या लेकीचं पुढे काय? परभणीच्या एका वडिलांना सविस्तर उत्तर

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला, फुटबॉलच्या संघात स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळते. यंदा संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेला. तिला यातच पुढे जायचं आहे. यात पोट भरतं का, शिक्षणाचं काय करायचं, आणि निवड गोल मारणाऱ्यांचीच होते म्हणून तिला पुढे खेळवा असं खेळाचे सर म्हणतात ते खरं का? शिवाय आईला तिच्या गुडघ्यांची काळजी आहे आणि आजीला लग्नाची.

भाऊ, आधी सरांच्या बोलण्याचं घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. तिला स्टॉपरवरून हलवू नका. शालेय स्पर्धांत गोल करणारी मुलगी डोळ्यांत भरते, हे मान्य. तालुक्याला एखादी वेगवान पोरगी एकटीच चार-पाच गोल मारते, तिचा फोटो पेपरात येतो, आणि मागे उभं राहून संघ वाचवणाऱ्या मुलीला पाहुणेरावळे विचारतात, "मग तू काय करतीस?" पण वरच्या पातळीवर चित्र उलटं आहे. राज्याच्या निवड चाचणीला येणाऱ्या मुलींत स्वतःला फॉरवर्ड म्हणवणाऱ्या ढिगाने असतात. दोन्ही पायांनी पास देणारी, हेडरला (डोक्याने चेंडू मारायला) न कचरणारी, बोलून बोलून बचावाची लाइन सांभाळणारी सेंटर बॅक, म्हणजे स्टॉपरच, शोधताना प्रशिक्षकांच्या नाकी नऊ येतात.

जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या चेल्सीने अमेरिकेच्या सॅन डिएगो वेव्हकडून नेओमी गिरमाला घेतलं, तेव्हा महिला फुटबॉलमध्ये पहिल्यांदाच एका खेळाडूसाठी मोजलेली रक्कम दहा लाख डॉलरच्या वर गेली. ही गिरमा सेंटर बॅक आहे, इथिओपियातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातली. आपल्याकडे मणिपूरची आशालता देवी बचावात खेळूनच भारताची कर्णधार झाली. २०१९ मध्ये आशियातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूच्या पुरस्कारासाठी शेवटच्या तिघींत तिचं नाव होतं, आणि २०२४ मध्ये भारताकडून शंभर सामने पूर्ण करणारी ती पहिली महिला ठरली. २०२२ चा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्यात आपल्या संघाची कर्णधार होती अष्टम उरांव. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातलं मजुरी करणारं घर, आणि तीही बचावातलीच. तेव्हा मागे खेळणाऱ्या पोरीला कोणी विचारत नाही, हे डोक्यातून काढून टाका.

आता महत्त्वाचं. बचावपटू उशिरा तयार होते. फॉरवर्डचा वेग सतराव्या वर्षी असतो तेवढाच तेविसाव्या वर्षी असतो, कधी कधी कमीच होतो. स्टॉपरचं काम अंदाजाचं आहे. समोरची पास कुठे देणार, आपली फुल बॅक (कडेची बचावपटू) पुढे गेली तर मागची जागा कोण भरणार, चेंडू हवेत असताना आपण पुढे जायचं की दोन पावलं मागे यायचं, हे सगळं सामने खेळून, हरून, चकवा खाऊन अंगात मुरतं. अमेरिकेची बेकी सॉअरब्रन २०१५ मध्ये पहिल्यांदा विश्वविजेती झाली तेव्हा तीस वर्षांची होती, आणि २०२४ मध्ये थांबली तोवर तिचे देशाकडून दोनशेहून जास्त सामने झाले होते. इंग्लंडची लुसी ब्रॉन्झ तेहेतिसाव्या वर्षी २०२५ ची युरोपियन स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होती, तीही नडगीच्या हाडाला फ्रॅक्चर असताना खेळून. (हे धाडस मोठं आहे, पण तुमच्या लेकीने त्याचं अनुकरण करू नये. फ्रॅक्चर असेल तर घरी बसायचं.)

याचा हिशोब आपल्या घरात असा बसतो: आत्तापासून बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत शिकण्याचा काळ, आणि खरी कमाई, खरं नाव त्यानंतर. मराठवाड्यात मुलीचा खेळ बहुतेक वेळा बारावीला संपतो. एकोणिसाव्या वर्षी घरात स्थळांची चर्चा सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच ही मुलगी सामना वाचायला शिकायला लागलेली असते. मी शिकवलेल्या पोरींत सगळ्यात समज असलेल्या काहीजणी याच वळणावर सुटल्या. त्यांच्या घरचे वाईट नव्हते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की या जागेवरच्या खेळाडूला वेळ जास्त लागतो. म्हणून मी तुम्हाला आत्ताच सांगते, आणि आजींनाही हे वाचून दाखवा. लग्न करू नका असं मी म्हणत नाही. पंचविशीनंतर करा, खेळाची किंमत असलेल्या घरात करा. लग्नानंतर, मूल झाल्यावर खेळणाऱ्या बायका जगात आहेत. व्यावसायिक करार असलेल्या खेळाडूला किमान चौदा आठवड्यांची भरपगारी नसली तरी दोन तृतीयांश पगाराची बाळंतपणाची रजा मिळालीच पाहिजे, असा फिफाचा नियम जानेवारी २०२१ पासून लागू आहे. करार असताना गरोदर राहिली म्हणून क्लबला तिला काढता येत नाही.

आता तिने शिकायचं काय ते सांगते. हा माझा रोजचा विषय आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

पहिली गोष्ट म्हणजे चेंडूवर झेप न घेणं. समजा मैदानाच्या कडेच्या लाइनने एक चपळ मुलगी चेंडू घेऊन येतेय. नवशिकी स्टॉपर दोन्ही पाय एका रेषेत ठेवून सरळ तोंडासमोर उभी राहते आणि चेंडू दिसला की पाय घालते. समोरची अलगद चेंडू बाजूला काढते आणि ही वळेपर्यंत गोलसमोर पोचलेली असते. शिकलेली मुलगी आधी जोरात धावत अंतर कमी करते, पण चार-पाच पावलं उरली की वेग तोडते. अंग तिरपं करते, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, वजन पंज्यांवर. गोलकडची बाजू अंगाने बंद केलेली, लाइनकडची बाजू मुद्दाम उघडी. नजर चेंडूवर, समोरचीच्या खांद्याच्या हुलकावणीवर नाही. मग हातभर अंतर राखून ती तिच्याबरोबर मागे सरकत राहते. आम्ही याला जॉकी करणं म्हणतो. समोरचीला आत शिरता येत नाही, ती वैतागते, वेग घेण्यासाठी चेंडू जरा लांब ढकलते. चेंडू तिच्या पायापासून सुटला की आधी खांदा मध्ये घालायचा आणि मग पाय. मुलीला यातलं सगळ्यात अवघड काय जातं, तर थांबणं. 'काहीतरी कर' असं बाहेरून सगळे ओरडत असतात. तुम्हीही सामना बघायला गेलात तर "घे, घे, मार" असं ओरडू नका. ती मागे सरकतेय म्हणजे घाबरलीय असं नसतं.

यात आपल्या मैदानांचा एक फायदा आहे. मुरमाच्या ग्राउंडवर घसरून टॅकल केली की मांडी सोलून निघते, म्हणून आपल्या पोरी पायावर उभं राहून चेंडू काढायला शिकतात. गवतावर वाढलेल्या मुलींना ही सवय मुद्दाम लावावी लागते. घसरायला ती पुढे चांगलं मैदान मिळाल्यावर महिन्याभरात शिकेल. तिने लहानपणी खो-खो खेळला असेल तर तोही कामाला येतो. धाराशिवच्या मातीतून सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी खो-खोपटू घडली, ती काही हवेतून नाही. त्या भागातल्या मुलींचं वाकून दिशा बदलणं, पाठीमागच्या हालचालीचा कानोसा घेणं बघण्यासारखं असतं. माझ्याकडे खो-खोतून आलेल्या मुली फुल बॅकला फार लवकर रुळतात.

दुसरी गोष्ट मान वळवणं. चेंडू पायाशी आल्यावर इकडेतिकडे बघणारी स्टॉपर उशीर करते. चेंडू यायच्या आधी मागे कोण आहे, बाजूला कोण मोकळी आहे हे तिला माहीत पाहिजे. याचा सराव घराच्या भिंतीवरही होतो. तिला भिंतीपासून सात-आठ पावलांवर उभी करा. तिच्या मागे धाकट्या भावाला उभं करा किंवा तुम्हीच उभे राहा. तिने चेंडू भिंतीवर मारायचा, तो परत येईपर्यंत तुम्ही मागे काही बोटं वर करायची, तिने मान वळवून आकडा मोठ्याने सांगायचा आणि पहिल्याच टचला चेंडू बाजूला वळवायचा. एकदा उजव्या खांद्यावरून बघायचं, एकदा डाव्या. रोज पंधरा मिनिटं. सुरुवातीला चेंडू पायाखालून निघून जाईल, तेवढ्यावरून बंद करू नका. आणि चेंडू निम्म्या वेळा डाव्या पायाने मारायला लावा. आजच्या बचावपटूने फक्त चेंडू लांब भिरकावून चालत नाही, हल्ला तिच्या पहिल्या पासपासून सुरू होतो. डावा पाय नसलेली मुलगी अर्धं मैदान वापरू शकत नाही, आणि समोरच्या संघाला ते दहा मिनिटांत कळतं.

तिसरी गोष्ट बोलणं. मागून सगळं मैदान दिसतं ते गोलकीपरला आणि स्टॉपरला. 'मॅन ऑन' (मागून कोणी येतंय), 'टर्न' (वळ), 'माझा', 'वर चला', 'डावीकडे बघ' हे तिने सतत, खणखणीत आवाजात सांगितलं पाहिजे. समोरची फॉरवर्ड आपल्या मागे गेली की ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य, ठरावी म्हणून बचावाची लाइन चौघींनी एका वेळी वर न्यायची असते. एक जरी मागे रेंगाळली तर समोरची फॉरवर्ड मोकळी सुटते. तो हुकूम द्यायचा असतो स्टॉपरने. आणि आपल्या मुलींना हेच सगळ्यात उशिरा जमतं. घरात, वर्गात, रस्त्यावर लहानपणापासून "हळू बोल", "हसू नकोस मोठ्याने" ऐकत वाढलेल्या पोरीला दोन सीनियर मुलींवर ओरडून त्यांना जागेवर आणायचं म्हणजे तोंडातून शब्द फुटत नाही. ते घरातून सुटलं पाहिजे. ती जेवताना मोठ्याने बोलली तर तिला गप्प करू नका.

हेडरबद्दल थोडक्यात. कपाळाने, डोळे उघडे ठेवून, मान ताठ करून. आधी हलक्या चेंडूने, मग पाच नंबरच्या. सरावात हेडरची संख्या कमीच ठेवायची. डोक्याला डोकं आपटलं, चक्कर आली, अंधारी आली, काही आठवेना, तर त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही. मग तो अंतिम सामना का असेना. डॉक्टरांना दाखवूनच पुढचं ठरवायचं.

आता आईच्या काळजीकडे येते, आणि ती रास्त आहे. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण फुटबॉल खेळणाऱ्या मुलींत मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळतं. ओटीपोटाच्या हाडांची ठेवण, उडी मारून उतरताना गुडघा आत वळणं, मांडीच्या मागचे स्नायू पुढच्या स्नायूंपेक्षा कमजोर असणं अशी त्याची कारणं आहेत. बऱ्याचदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. चेंडूवाल्या मुलीवर धावून जायचं, एकदम थांबायचं, दिशा बदलायची, तिथेच गुडघा दगा देतो. आणि बचावपटूचं कामच ते आहे. शस्त्रक्रिया आणि नऊ महिने ते वर्षभर बाहेर. इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन, तीही बचावपटू, याच दुखापतीने २०२३ च्या विश्वचषकाला मुकली. पण ती परत आली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा युरोपियन चषक उचलला.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. फिफाने सरावाआधी करायचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार केला आहे: आधी हलकं धावणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगाने धावणं आणि वळणं. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर मिळतात. ग्राउंडला दोन फेऱ्या मारल्या आणि लगेच मॅच सुरू केली, ही आपल्याकडची पद्धत मोडायला सरांना हात जोडून सांगा. सर नाही म्हणाले तर तिने वीस मिनिटं आधी जाऊन एकटीने करावा. मी हे नियमाने करून घ्यायला लागल्यापासून माझ्या मुलींची उतरण्याची पद्धत डोळ्यांना दिसण्याइतकी बदलली.

मैदानाचंही बघा. काळ्या मातीचं ग्राउंड पावसात चिकट होतं आणि बुटाला ढेकूळ चिकटून पाय अडकतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात आणि घोटा मुरगळतो. शालेय स्पर्धांच्या तालुका-जिल्हा फेऱ्या बहुधा पावसाळ्यातच येतात. अशा वेळी चिखलात सराव करण्यापेक्षा शाळेच्या हॉलमध्ये ताकदीचे व्यायाम केलेले बरे. बूट मोल्डेड रबरी स्टडचे घ्या, लोखंडी टोकांचे नकोत. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहापर्यंत सराव आटोपलेला असावा.

खाण्याबद्दल बायांना सांगते तेच तुम्हालाही सांगते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्या आरोग्य पाहणीत आलेलं आहे. अशी मुलगी साठाव्या मिनिटानंतर सामन्यात दिसत नाही, आणि लोक म्हणतात तिच्यात दम नाही. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा, सरकारी दवाखान्यात होतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मोड आलेला हरभरा, शेंगदाणे-गूळ, शेवग्याची भाजी, खात असाल तर अंडी, आणि वरणावर लिंबू पिळायचं. जेवल्याबरोबर चहा देऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. आपल्या घरांत आधी पुरुषमाणसं जेवतात आणि पोरीच्या वाट्याला तळाचं येतं. खेळणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे चालणार नाही. सरावाहून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तिच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. पाळी सलग तीन महिने आली नाही तर 'बरं झालं, खेळायला मोकळी' असं समजू नका. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाल्याची ती खूण असू शकते, आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांकडे न्या. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीची धास्ती मुलींना किती असते हे पुरुषांना कळत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघानेही २०२३ मध्ये खेळाडूंच्या मागणीवरून पांढऱ्या शॉर्ट्सऐवजी निळ्या आणल्या. शाळेचा पोशाख पांढरा असेल तर सरांना बदलायला सांगा, आणि हे वडिलांनी सांगितलेलं जास्त चांगलं.

पैशाचं आता स्पष्ट बोलते. भारतात महिलांची राष्ट्रीय लीग, इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला सगळे संघ एका ठिकाणी जमून थोड्या दिवसांत स्पर्धा उरकायचे. २०२३-२४ मध्ये घरच्या आणि परक्या मैदानांवर सामने सुरू झाले, त्यामुळे हंगाम लांबला. तिच्याखाली दुसरी श्रेणीही सुरू झाली. २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की वरच्या लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी व्यावसायिक करार करावेत आणि प्रत्येकीला वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. म्हणजे महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. नामवंत खेळाडूंना याहून पुष्कळ जास्त मिळतं, पण लीगमध्ये संघ सात-आठच, आणि दुसऱ्या श्रेणीत किंवा राज्याच्या लीगमध्ये प्रवासखर्च आणि किरकोळ मानधनावर समाधान मानणाऱ्या मुलीच जास्त. जगातही दरी आहेच: २०२२ च्या पुरुष विश्वचषकाची बक्षिसं ४४ कोटी डॉलरची होती, २०२३ च्या महिला विश्वचषकाची ११ कोटींची. पण दिशा वरची आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच चियांग माईत २-१ ने हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पण दुसऱ्या गोलनंतर आघाडी टिकवली ती मागच्या फळीने.

म्हणून माझा सल्ला: फुटबॉलच्या पगारावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, पण फुटबॉलमुळे मिळणाऱ्या नोकरीचा विचार आत्तापासून करा. रेल्वे, पोलीस, सशस्त्र सीमा बलासारखी दलं खेळाडूंना भरतीत घेतात, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. कुठल्या पदाला कुठल्या स्पर्धेतला कितवा क्रमांक चालतो हे शासन निर्णयात ठरलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तेव्हा प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, संघाची यादी, सामन्याच्या निकालाचा कागद एका फाइलीत ठेवा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्याचाही अर्ज शाळेमार्फत वेळेत जाऊ द्या. एक खास मराठवाड्याची गोष्ट: आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी '१ जून' लिहून टाकलेल्या जन्मतारखा घरोघरी आहेत. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार या तिन्हींवर एकच तारीख आहे का ते आजच बघा. वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत कागद तर तपासतातच, मनगटाचा एक्स-रेही काढतात. ऐन वेळी तारीख जुळली नाही म्हणून चांगली खेळाडू स्टेशनवरून घरी परत आलेली मी पाहिली आहे.

शिक्षण सोडायचं नाही, आणि यात खेळ आणि अभ्यास एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. बारावी तुमच्याच जिल्ह्यात होऊ द्या. या दोन वर्षांत शालेय स्पर्धा, सुब्रतो मुखर्जी चषकाच्या फेऱ्या आणि जिल्हा संघटनेमार्फत राज्य संघटनेच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या, निवड चाचण्या हे तीन दरवाजे आहेत. संघटनेकडे तिची खेळाडू म्हणून नोंदणी झालेली नसेल तर ती आधी करा; शालेय खेळ आणि संघटनेचा खेळ हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि बऱ्याच पालकांना दुसरा माहीतच नसतो. राज्याच्या वरिष्ठ संघात आली तर राजमाता जिजाबाई करंडक, म्हणजे महिलांची राष्ट्रीय स्पर्धा, खेळायला मिळते. क्लबांचे लोक खेळाडू हेरतात ते तिथे. पदवीसाठी मात्र तिला पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरला पाठवायची तयारी ठेवा. आपल्या दोन्ही विद्यापीठांचे, संभाजीनगरचे आणि नांदेडचे, संघ आहेत आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतात, पण आठवड्याला एक चुरशीचा सामना हवा असेल तर तो आज मराठवाड्यात मुलींना मिळत नाही. हे मला मनापासून खुपतं. मुलगी बाहेर पाठवायची म्हणून घरातले घाबरतात, तेव्हा मी त्यांना आष्टी तालुक्यातल्या मांडव्यातून बाहेर पडून ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या धावपटू अविनाश साबळेचं नाव सांगते. पण मुलाला पाठवताना कोणी विचारत नाही ते प्रश्न मुलीसाठी विचारले जातात, हेही मला माहीत आहे. म्हणून वसतिगृह आधी स्वतः जाऊन बघा, वॉर्डन बाईंशी बोला, संघाबरोबर महिला व्यवस्थापक प्रवास करते का ते विचारा. हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. जो क्लब या प्रश्नांवर चिडतो तिथे पाठवू नका.

निवड चाचणीत बचावपटूचं कसब दाखवणं अवघड असतं. अनोळखी मुलींचे दोन संघ करतात, वीस मिनिटं खेळवतात, आणि सगळ्या चेंडूमागे धावतात. तिने धावू नये. आपली जागा कोणती ते आधीच सांगावं, शेजारच्या मुलीचं नाव विचारून घ्यावं आणि पहिल्या मिनिटापासून तिच्याशी बोलत राहावं. माझ्यासारखीला कडेला उभं राहून तेच आधी ऐकू येतं. आणि व्हिडिओ पाठवायला सांगितला तर टॅकलचे तुकडे जोडून पाठवू नका. शाळेच्या गच्चीवरून किंवा पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून मोबाइल आडवा धरून पूर्ण सामना काढा. चेंडू समोरच्या टोकाला असताना ती कुठे उभी आहे, हेच बघायचं असतं.

कुठल्याही क्लबचा कागद आला तर सही करण्याआधी चार गोष्टी बघा: करार किती महिन्यांचा, पैसे कोणत्या तारखेला, दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा आणि फिजिओचा खर्च कोणाचा, आणि करार मोडायचा झाला तर काय. तोंडी आश्वासन धरू नका. अठरा पूर्ण व्हायच्या आत सही करायची असेल तर तुमचीही सही लागते, आणि तो कागद आधी एखाद्या वकिलाला दाखवा. चाचणीच्या नावाखाली मोठी फी मागणाऱ्या, परदेशात पाठवतो म्हणणाऱ्या दलालांना एक रुपयाही देऊ नका. चांगला क्लब मुलीकडून पैसे घेत नाही.

तुम्ही तिची उंची लिहिलेली नाही. फ्रान्सची वेंडी रेनार एक मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर आहे, आणि स्टॉपरच्या जागेला उंचीचा उपयोग होतोच. पण लेक पाच फूट एक-दोन इंचांची असेल आणि पायात वेग असेल तर वरच्या पातळीवर तिला फुल बॅक करावं लागेल, आणि त्याची तयारी आत्ताच सुरू करता येते: क्रॉस, लांब थ्रो, परत मागे धावण्याचा दम. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा उंची, तिचा मुख्य पाय कोणता, आणि विभागीय स्पर्धेत ती दोन स्टॉपरपैकी डाव्या बाजूला खेळली की उजव्या, एवढं कळवा. मग तिच्यासाठी आठवड्याचा सराव कसा बसवायचा ते लिहिते.